अकरा वर्षं, सहा महिने, तेरा दिवस

प्रॅक्टिकलला रीडिंग चुकलं तर आपण काय करतो? पहिला उपाय म्हणजे शेजारच्या बॅचची जर्नल. ती नाही मिळाली तर लॅब असिस्टंटच्या मागे लागून पुढच्या आठवड्यात पुन्हा सेटअप लावून घ्यायचा. आठ दिवस गेले की टर्न पुन्हा येतेच.

पण समजा, प्रयोग असा आहे की त्याची पुढची टर्न आठ वर्षांनी येणार. तीही हुकली तर त्यानंतरची थेट 105 वर्षांनी! आणि प्रयोगाचं टेबल घरापासून अर्ध्या पृथ्वीवर, मध्ये समुद्र आणि समुद्रात युद्ध. असा प्रयोग अंगावर घेतलेल्या एका माणसाची ही गोष्ट आहे. नाव गियोम ल जाँती. देश फ्रान्स. आणि प्रयोगाची जागा आपल्याच देशातली, पाँडिचेरी.

आधी प्रयोग काय होता ते थोडक्यात बघू, नाहीतर पुढची धडपड वेडेपणा वाटेल.

शुक्र सूर्याभोवती आपल्या आतल्या कक्षेतून फिरतो. साधारण 584 दिवसांनी तो पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या बाजूला येतो. पण त्याची कक्षा आपल्या कक्षेशी सुमारे 3.4 अंशांनी कललेली असल्यामुळे बहुतेक वेळा तो सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. अगदी पातबिंदूजवळ असताना मध्ये आला, तरच तो सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो. काळा, गोल ठिपका, सूर्याच्या व्यासाच्या तिसाव्या भागाएवढा. याला अधिक्रमण म्हणतात. ही अधिक्रमणं जोडीनं येतात. 8 वर्षांच्या अंतरानं दोन, मग 121.5 किंवा 105.5 वर्षं काहीच नाही.

आता यात एवढं धावपळ करण्यासारखं काय? तर केप्लरच्या नियमांनी ग्रहांच्या अंतरांचं प्रमाण कळलं होतं, पण प्रत्यक्ष अंतर कळलं नव्हतं. म्हणजे सूर्यमालेचं ड्रॉइंग तयार होतं, फक्त खाली स्केल लिहिलेलं नव्हतं. ड्रॉइंगच्या तासाला अशी शीट दिली तर सर ती परत तोंडावर फेकतील. एक अंतर मैलांत किंवा किलोमीटरमध्ये कळलं की बाकी सगळी आपोआप मिळणार होती. एडमंड हॅलीनं (धूमकेतूवाला तोच) 1716 साली यावर उपाय मांडला. पृथ्वीवरच्या दूरदूरच्या दोन जागांवरून बघितलं तर शुक्र सूर्यबिंबावरून थोड्या वेगळ्या रेषेनं जाताना दिसेल. दोन रेषांची लांबी वेगळी, म्हणून लागणारा वेळही वेगळा. वेळा अचूक मोजा, दोन जागांमधलं अंतर वापरा, त्रिकोणमिती लावा, सूर्याचं अंतर हातात. पॅरलॅक्सचाच प्रकार. पुढची अधिक्रमणं 1761 आणि 1769 ला आहेत आणि तेव्हा आपण जिवंत नसणार हे हॅलीला पक्कं ठाऊक होतं. 1742 साली तो गेला. काम पुढच्या बॅचकडे आलं.

त्या बॅचमध्ये ल जाँती होता. जन्म 12 सप्टेंबर 1725, नॉर्मंडीतलं कुटाँस हे गाव. घरची परिस्थिती फार मोठी नव्हती. पॅरिसला आला तो धर्मशास्त्र शिकायला, पाद्री व्हायला. पण तिथे दलील नावाच्या खगोलशास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकली आणि गाडी रूळ बदलून गेली. (मेकॅनिकलला ॲडमिशन घेऊन रात्रभर प्रोग्रॅमिंग करत बसणारे आपल्याकडेही आहेतच.) पॅरिसच्या वेधशाळेत कासिनी घराण्याच्या हाताखाली तो तयार झाला. देवयानी दीर्घिकेशेजारची लहान दीर्घिका, जिला आज एम 32 म्हणतात, ती त्यानं 1749 साली शोधली. 1753 ला फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत निवड झाली. थोडक्यात, माणूस हौशी नव्हता, त्या काळातला पक्का व्यावसायिक होता.

अकादमीनं 1761 च्या अधिक्रमणासाठी माणसं पाठवायचं ठरवलं, तेव्हा ल जाँतीच्या वाट्याला पाँडिचेरी आलं. तिथे फ्रेंचांची वसाहत होती आणि जागा सोयीची होती. 26 मार्च 1760 रोजी तो ब्रेस्ट बंदरातून निघाला. अधिक्रमण 6 जून 1761 ला. हातात चौदा महिने. एवढ्या आधीपासून अभ्यासाला बसणारा विद्यार्थी आपल्या हॉस्टेलवर दाखवा!

जुलै 1760 मध्ये तो मॉरिशसला पोचला. तेव्हा त्या बेटाचं नाव इल द फ्रान्स. तिथे बातमी कळली की हिंदुस्थानात इंग्रज आणि फ्रेंच यांचं युद्ध पेटलं आहे आणि पाँडिचेरीला इंग्रजांचा वेढा पडतो आहे. पुढे जाणारं जहाज मिळेना. महिने गेले. त्यात आमांशानं त्याला गाठलं. शेवटी पाँडिचेरीच्या मदतीसाठी एक लढाऊ जहाज निघालं, त्यावर त्याला मार्च 1761 मध्ये जागा मिळाली. दोन महिन्यांत किनाऱ्याला लागू असा अंदाज होता. पण शिडाचं जहाज वाऱ्याच्या मर्जीवर चालतं आणि त्या मोसमात वारा उलटा होता. आठवड्यामागून आठवडे ते अरबी समुद्रात भरकटत राहिलं.

24 मे 1761 ला जहाज मलबार किनाऱ्यावर माहेजवळ आलं. किनाऱ्यावर कळलं की माहे इंग्रजांनी घेतलं आहे, आणि पाँडिचेरी तर जानेवारीतच पडलं आहे. म्हणजे हे जहाज मॉरिशसहून निघालं, त्याच्याही आधी मुक्कामाचं गाव हातातून गेलं होतं. ना फोन, ना तार. बातमी जहाजाच्याच वेगानं चालायची. कप्तानानं तोंड फिरवलं आणि जहाज परत मॉरिशसकडे निघालं.

6 जून 1761 ला आकाश स्वच्छ होतं. ल जाँती हिंदी महासागराच्या मध्यावर, हलत्या डेकवर दुर्बीण धरून उभा होता. त्यानं अधिक्रमण पाहिलं. नुसतं पाहिलं. कारण लंबकाचं घड्याळ डोलत्या जहाजावर चालत नाही आणि आपण नक्की कुठल्या रेखांशावर आहोत हे समुद्रात त्याला अचूक सांगता येत नव्हतं. वेळ नाही, जागा नाही. अशा रीडिंगला कुणीही सही करणार नाही. त्यानं वेळा लिहून ठेवल्या, पण त्यांचा उपयोग शून्य हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच कळत नव्हतं.

आता इथे आपण काय केलं असतं? पहिलं जहाज पकडून घरी. वय 35, अकादमीतली नोकरी शाबूत, चूक आपली नाही, युद्धाची आहे. सगळ्यांनी समजून घेतलं असतं. ल जाँतीनं ठरवलं की पुढचं अधिक्रमण 8 वर्षांनी आहे, तोवर इथेच थांबायचं.

ही 8 वर्षं तो वाट बघत बसून राहिला असं समजू नका. त्यानं मादागास्करच्या पूर्व किनाऱ्याचे नकाशे केले. हिंदी महासागरातले मोसमी वारे, भरती-ओहोटी, झाडं, प्राणी, माणसं, जे दिसेल त्याच्या नोंदी केल्या. ज्या वाऱ्यांनी आपलं जहाज भरकटवलं, त्यांचाच त्यानं अभ्यास केला, हे मला फार आवडतं.

1769 साठी जागा कुठली निवडायची याचं त्यानं पुन्हा गणित मांडलं. फिलिपिन्समधलं मनिला त्याला जास्त चांगलं वाटलं. तिथे सूर्य आकाशात वर आलेला असणार होता. पाँडिचेरीत मात्र सूर्योदय होईपर्यंत बरंचसं अधिक्रमण उरकलेलं असणार, फक्त शेवट दिसणार. म्हणून 1766 च्या मेमध्ये तो निघाला आणि ऑगस्टमध्ये मनिलाला पोचला. पण मनिला स्पॅनिशांचं. तिथल्या गव्हर्नरला या फ्रेंच माणसाचा संशय आला. त्याची ओळखपत्रं खोटी असावीत असं त्याला वाटू लागलं. दरम्यान 1763 च्या तहानं पाँडिचेरी फ्रेंचांना परत मिळालं होतं आणि अकादमीचंही पत्र आलं की पाँडिचेरीला जाणं बरं. ल जाँतीनं पुन्हा सामान बांधलं. 27 मार्च 1768 ला, म्हणजे फ्रान्स सोडल्याला 8 वर्षं पूर्ण झाल्यावर, तो शेवटी पाँडिचेरीच्या किनाऱ्यावर उतरला.

इंग्रजांनी ते शहर जमीनदोस्त केलं होतं. गव्हर्नर लॉ द लॉरिस्टननं त्याचं प्रेमानं स्वागत केलं आणि किल्ल्याच्या पडक्या अवशेषांवरच त्याला वेधशाळा बांधून दिली. मद्रासच्या इंग्रजांनी त्याला एक चांगली दुर्बीण वापरायला दिली. ज्यांच्या युद्धामुळे पहिली संधी गेली, त्यांचीच दुर्बीण! हातात चौदा महिने होते, पुन्हा तेवढेच. या वेळी त्यानं ते वाया जाऊ दिले नाहीत. गुरूच्या चंद्रांची ग्रहणं बघून पाँडिचेरीचा रेखांश काढला, घड्याळ तपासलं, वातावरणामुळे होणारं प्रकाशाचं वक्रीभवन मोजलं. फक्त शेवट दिसणार असेल तर रेखांश अचूक हवाच, आणि तो आता त्याच्याकडे होता.

मधल्या काळात त्यानं आणखी एक गोष्ट केली. एका स्थानिक तमिळ जाणकाराकडून इथलं ग्रहणगणित शिकून घेतलं. ही माणसं कागदावर आकडेमोड करत नव्हती. सूत्रं पाठ, आणि हिशेब जमिनीवर कवड्या मांडून. 30 ऑगस्ट 1765 च्या चंद्रग्रहणाचा कालावधी या पद्धतीनं काढला तर तो फक्त 41 सेकंदांनी कमी आला. युरोपातली त्या वेळची उत्तम समजली जाणारी टोबियास मायरची कोष्टकं 68 सेकंदांनी जास्त देत होती. ल जाँतीनं हे प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. युरोपला भारतीय ज्योतिर्गणिताची सविस्तर ओळख करून देणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत त्याचं नाव घेतात ते यामुळेच.

1769 चा मे महिना आला. रोज पहाटे आकाश निरभ्र. आपल्याकडे जून म्हटलं की मृगाचा पाऊस आठवतो, पण त्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबरनंतर येतो. म्हणजे जागेची निवड आंधळी नव्हती. 3 जूनच्या संध्याकाळी हवा इतकी स्वच्छ होती की गव्हर्नरला सोबत घेऊन त्यानं दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहिले. दुसऱ्या दिवशी, 4 जूनला, सूर्य उगवेल तेव्हा शुक्र बिंबावर असणार आणि सातच्या सुमारास बाहेर पडणार.

पहाटे दोनला तो उठला. आकाशात ढग होते.

त्यानं वाट पाहिली. वारा सुटला, त्यानं ढग उडून जातील असं वाटलं. उलट ढग आणखी दाटले. सूर्य उगवला तो कुणाला दिसला नाही. ढगांच्या मागे एक पांढुरका उजेड तेवढा होता. साडेसहा झाले, सात झाले. शुक्र सूर्यावरून उतरला आणि निघून गेला. काही वेळानं ढग पांगले. मग दिवसभर लख्ख ऊन होतं.

दोन आठवडे त्याला लिहिता आलं नाही. रोजनिशी समोर असायची, पेन हातात असायचं आणि ते खाली पडायचं. घरी काय कळवायचं? पुढे बातमी आली की मनिलात त्या सकाळी आकाश स्वच्छ होतं.

इथे थोडं थांबू या. हॉस्टेलवर ही गोष्ट सांगितली तेव्हा पहिली प्रतिक्रिया आली, बिचारा, चुकीचा निर्णय घेतला. मला तसं वाटत नाही. महिनाभराची निरीक्षणं पाँडिचेरीच्या बाजूनं होती. मनिलात गव्हर्नरचा जाच होता. अकादमीचा सल्ला होता. हातातल्या माहितीवर निर्णय बरोबर होता, निकाल मात्र वाईट लागला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण रिझल्टच्या दिवशी त्या हमखास एकत्र करतो. चार तासांचा ढग हा सिलॅबसमध्ये नसतो.

परतीचा प्रवासही सरळ नव्हता. पुन्हा आमांश झाला, तब्येत ढासळली. मार्च 1770 मध्ये पाँडिचेरी सोडून तो मॉरिशसला आला. तिथून नोव्हेंबरमध्ये निघालेलं जहाज केप ऑफ गुड होपच्या वाटेवर वादळात सापडलं आणि मोडक्या अवस्थेत 1 जानेवारी 1771 ला मॉरिशसलाच परत आलं. मार्चमध्ये एका स्पॅनिश जहाजानं त्याला घेतलं. ऑगस्टमध्ये स्पेनचं कादिझ बंदर. मग समुद्राला रामराम ठोकून त्यानं जमिनीची वाट धरली. पिरेनीज पर्वत ओलांडून 8 ऑक्टोबर 1771 ला फ्रान्सच्या मातीवर पाय ठेवला. अकरा वर्षं, सहा महिने, तेरा दिवस.

घरी आला तर तो मेलेला होता! म्हणजे वारसांनी तसं धरून इस्टेटीची वाटणी करायला घेतली होती. अकादमीतल्या त्याच्या जागेवर दुसऱ्याची नेमणूक झाली होती. ज्या माणसाकडे पैशांचा व्यवहार सोपवला होता, त्यानं पैसे चोरीला गेल्याचं सांगितलं. ल जाँतीनं कोर्टात दावा लावला, तो हरला आणि वर खर्च अंगावर पडला. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला धडधाकट माणसानं समोर उभं राहणं पुरत नाही, कागद लागतो, हा अनुभव स्कॉलरशिपच्या खिडकीपाशी उभं राहिलेल्या कुणालाही पटेल.

एखाद्या नाटकात इथे पडदा पडला असता. प्रत्यक्षात ल जाँतीचं पुढे बरं चाललं. अकादमीत त्याला पुन्हा जागा मिळाली. त्यानं लग्न केलं, एक मुलगी झाली. पॅरिसच्या वेधशाळेतच बिऱ्हाड होतं. 1779 आणि 1781 मध्ये त्यानं आपल्या हिंदी महासागराच्या प्रवासाचे दोन जाड खंड छापले. त्यात वारे आहेत, मादागास्कर आहे, मनिला आहे, पाँडिचेरीतली माणसं आहेत आणि कवड्यांचं गणितही आहे. 22 ऑक्टोबर 1792 रोजी तो वारला. फ्रान्समध्ये राज्यक्रांती चालू होती. पुढच्याच वर्षी ती अकादमीही बरखास्त झाली. ते बघायला तो नव्हता.

आणि प्रयोगाचं काय झालं? तो अडला नाही. 1769 ला कॅप्टन कुक ताहितीहून बघत होता. ल जाँतीचाच देशबांधव शाप कॅलिफोर्नियाच्या द्वीपकल्पात यशस्वी वेध घेऊन तिथेच तापानं मेला. शुक्र कडेला टेकताना त्याचा ठिपका थेंबासारखा लांबतो, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या वेळाही जुळत नव्हत्या. तरी सगळ्यांची रीडिंग्ज एकत्र करून लालांदनं 1771 साली सूर्याचं अंतर काढलं, सुमारे 15.3 कोटी किलोमीटर. आजचा आकडा 14.96 कोटी. चूक अडीच टक्क्यांहून कमी. लाकूड, पितळ आणि शिडाच्या जहाजांच्या जमान्यात! ड्रॉइंगवर स्केल लिहिलं गेलं. त्यात ल जाँतीचं एकही रीडिंग नव्हतं.

मग त्याची अकरा वर्षं कुठल्या खात्यात टाकायची? मी बरेच दिवस यावर विचार केला. वेध घेणारी माणसं पृथ्वीभर पसरली होती ती मुळात यासाठीच की कुठेतरी ढग येणार, कुणीतरी आजारी पडणार हे धरलेलं होतं. सगळ्यांनी जायचं, म्हणजे काहींना दिसेल. ज्याच्या वाट्याला ढग आला तोही त्याच प्रयोगाचा भाग होता. निदान मला तरी असं वाटतं. 4 जूनच्या सकाळी त्याला हे पटलं असतं असा मात्र माझा दावा नाही.

चंद्रावरच्या एका विवराला आज ल जाँतीचं नाव आहे.

8 जून 2004 ला शुक्राचं अधिक्रमण आपल्याकडे सकाळी पावणेअकरापासून संध्याकाळी जवळजवळ पाचपर्यंत होतं. आज हॉस्टेलवर असलेल्यांपैकी बरेच जण तेव्हा जन्मलेलेही नव्हते. 6 जून 2012 चं अधिक्रमण तर आपल्याकडे हुबेहूब ल जाँतीसारखं आलं, सूर्योदयालाच शुक्र बिंबावर आणि पुढे फक्त शेवट बघायचा. यानंतरचं डिसेंबर 2117 मध्ये. ते आपल्यापैकी कुणाला दिसणार नाही. हॅलीसारखं तेही पुढच्या बॅचला देऊन टाकायचं.

पण बुधाचं अधिक्रमण 13 नोव्हेंबर 2032 ला आहे आणि ते भारतातून दिसेल, दुपारी बारानंतर साडेचारच्या पुढेपर्यंत. बुधाचा ठिपका फारच लहान, त्याला दुर्बीण लागेल आणि दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला सूर्याचा योग्य फिल्टर बसवलेला हवा. साध्या डोळ्यांनी किंवा उघड्या दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं धाडस करू नका, डोळे कायमचे जातील. दिवाळीचा सुमार असेल, पाऊस संपलेला असेल, आकाश बहुतेक स्वच्छ असेल.

बहुतेक.